शाळेतला संगणक आणि शेतातले ठिबक



या अंकात आमच्या विभागातर्फे खोडव्याच्या खत नियोजनावर लेख यावयाचा होता. तो तयार आहे, पुढील अंकी येईल. ऊस विकास विभागाने शाळेचा विषय मध्येच का काढला, असे कोणीही विचारील. म्हणून अगोदर घडलेली गोष्ट सांगतो.

बेणे मळ्यांच्या पाहणीसाठी एका गावी गेलो होतो. पावसाची जोरदार सर आली म्हणून मोटारसायकल लावून जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिलो. पहिली ते चौथीची शाळा, मुले सत्तावीस, शिक्षक दोन. बाईंनी आत बोलावले, बसायला खुर्ची दिली. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता. त्याला जुन्या साडीचे झाकण शिवून घातलेले, कडेला लेससुद्धा लावलेली. आम्ही सहज विचारले, "बाई, टीव्ही चालतो ना?"

"टीव्ही चांगला आहे साहेब, लाईट नाही. आठ महिने झाले, बिल थकलं म्हणून मीटर काढून नेलं."

त्या क्षणी आम्हाला खुर्ची टोचू लागली. कारण हा टीव्ही त्या भिंतीवर लागला त्यात आमचाही हात होता. दोन वर्षांपूर्वी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत आम्ही ठिबक सिंचनाची माहिती देण्यासाठी गेलो होतो. त्याच सभेत पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून शाळेला टीव्ही आणि एक संगणक घेण्याचा विषय निघाला. सरपंचांनी आम्हालाही दोन शब्द बोलायला लावले. जग कुठे चालले आहे, आपली मुले मागे राहता कामा नयेत, वगैरे आम्ही बोललो. टाळ्या पडल्या, ठराव मंजूर झाला. विजेचे बिल कोण भरणार हे त्या सभेत कोणी विचारले नाही. आम्हीही विचारले नाही. आणि गंमत अशी, की त्याच्या अर्धाच तास आधी आम्ही त्याच लोकांना बजावून सांगत होतो, "संच बसवणे सोपे आहे, तो चालता ठेवणे हे खरे काम."

ठिबकाचे आपल्याला काही नवीन नाही. केंद्राचे अनुदान आणि त्यावर राज्याची भर धरून अल्प व अत्यल्प भूधारकाला ठरलेल्या खर्चमर्यादेच्या ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळते. संच येतो, फोटो निघतो. पहिले वर्ष उत्तम जाते. दुसऱ्या वर्षी सँड फिल्टर उलटा धुवायचा राहतो, ॲसिड प्रक्रिया "पुढच्या पाळीला करू" म्हणून पुढे जाते. तिसऱ्या वर्षी ड्रीपर बुजतात आणि लॅटरलची वेटोळी गोठ्याच्या माळ्यावर चढतात. मग पाटाने पाणी सुरू. अनुदान संचाला असते, ॲसिडच्या डब्याला नसते. आपल्या कार्यक्षेत्रात असे माळ्यावर चढलेले ठिबक कोणाकोणाकडे आहे ते आमच्या चिटबॉयना तोंडपाठ आहे. इथे नावे घेत नाही.

शाळांच्या यंत्रसामग्रीचा इतिहास काढला तर तो याच वाटेने गेलेला दिसतो. १९७५ च्या ऑगस्टपासून एक वर्ष 'साइट' नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही दाखवला गेला. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम असत. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि तो प्रयोग तिथेच थांबला. पुढे १९८४-८५ साली केंद्राने 'क्लास' प्रकल्पाखाली ब्रिटनहून बीबीसी मायक्रो नावाचे संगणक (आमच्या भाषेत सांगायचे तर तो वाण) माध्यमिक शाळांत बसवायला सुरुवात केली. १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम आली. ती आम्हाला चांगली आठवते, कारण आम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. आमच्या शाळेत विज्ञानाची एक पेटी आली होती. भिंग, चुंबक, परीक्षानळ्या. गुरुजी ती कपाटात कुलूप लावून ठेवीत, कारण एक नळी फुटली तरी रजिस्टरला जाब द्यावा लागे. भिंगातून सूर्याने कागद जाळायचा प्रयोग आम्ही पुढे कृषी पदविकेला गेल्यावर, वसतिगृहाच्या गच्चीवर, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या भिंगाने केला. गुरुजींना दोष देत नाही. वस्तू फुटली तर दुसरी मिळण्याची सोय नसेल तर कोणताही शहाणा माणूस ती कपाटातच ठेवील.

डिसेंबर २००४ मध्ये केंद्राची 'आयसीटी ॲट स्कूल्स' योजना आली, म्हणजे शाळाशाळांत संगणक कक्ष. तीत २०१० साली सुधारणा झाली. खर्चात केंद्र ७५ आणि राज्य २५ टक्के असा वाटा होता. महाराष्ट्रात ती तीन टप्प्यांत मिळून ८,००० शाळांत गेली. बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा, या पद्धतीने. खासगी एजन्सीने संगणक आणायचे, बसवायचे, दुरुस्त ठेवायचे, शिकवायला शिक्षकही तिनेच नेमायचा आणि पाच वर्षांनी सगळे शाळेच्या ताब्यात द्यायचे. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती. पाच वर्षे दुरुस्तीची सोय होती, शिकवणारा माणूस होता. पण सहाव्या वर्षी काय? करार संपला की शिक्षक घरी गेले. संगणक शाळेचे झाले, तेव्हा त्यांचे वय पाच वर्षांचे झालेले. आपल्या भागातील एका माध्यमिक शाळेत आम्ही तो कक्ष पाहिला आहे. दाराला पडदा, बाहेर चपला काढण्याची सूचना अजून आहे. आत दहा मॉनिटर एका ओळीत. पैकी दोन सुरू झाले. बाकीचे का बंद आहेत हे शाळेत कोणालाच सांगता आले नाही, कारण ज्याला सांगता आले असते तो आता तालुक्याला झेरॉक्सचे दुकान चालवतो.

२०१८ पासून ही योजना 'समग्र शिक्षा'त मिसळली आहे. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असा हिस्सा आहे. आकडे सभासदांनी नीट लक्षात घ्यावेत. संगणक कक्षासाठी एका शाळेला एकदाच ६ लाख ४० हजारांपर्यंत, आणि चालवण्यासाठी दरसाल २ लाख ४० हजारांपर्यंत, तेही पाच वर्षे. त्याऐवजी स्मार्ट वर्ग घेतल्यास एकदाच २ लाख ४० हजार आणि दरसाल ३८ हजार. म्हणजे वीज, इंटरनेट, शिकवणारा माणूस यांचा विचार सरकारने अजिबात केलेला नाही, असे म्हणता येणार नाही. केलेला आहे, पाच वर्षांपुरता केला आहे. पण हे सारे सहावी ते बारावीचे वर्ग असलेल्या शासकीय व अनुदानित शाळांसाठी. आपल्या वाड्या-वस्त्यांवरच्या चौथी-पाचवीपर्यंतच्या शाळा या हिशेबात बसत नाहीत.

मग त्या शाळांना काय मिळते? त्यांना 'संयुक्त शाळा अनुदान' मिळते. ते पटावर ठरते. तीस मुलांपर्यंत वर्षाला १०,००० रुपये. शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,०००, त्यापुढे एक लाख. आमच्या साडीच्या झाकणवाल्या शाळेचा पट सत्तावीस, म्हणजे १०,०००. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. उरले नऊ हजार, महिन्याला साडेसातशे. यात खडू, रजिस्टर, झाडू, फुटलेली कौले, नळाची तोटी आणि विजेचे बिल. एका सभासदाच्या विहिरीवरच्या मोटारीची एकदा वाइंडिंग करायची म्हटले तरी किती जातात ते आपल्याला ठाऊक आहे. साडेसातशेत शाळेने टीव्ही, संगणक आणि पंखा चालवावा अशी आपली अपेक्षा आहे. पूर्वी दोन बल्ब होते, तेव्हा बिल कसेबसे भागत होते. आपण टीव्ही दिला, बिल वाढले, थकले, आणि मीटर गेल्यावर होते ते दोन बल्बही गेले. पावसाळी दिवशी वर्गात अंधार झाला. आम्ही टाळ्या घेऊन केलेल्या भाषणाचा हा हिशेब.

देशाचे आकडे वाचले तर चित्र पुष्कळ उजळ दिसते. 'यू-डायस प्लस'च्या अहवालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये ५७.२ टक्के शाळांत संगणकाची आणि ५३.९ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. २०२४-२५ मध्ये ती ६४.७ आणि ६३.५ टक्क्यांवर गेली. प्रगती आहे, नाही असे नाही. पण सोय आहे आणि मूल त्यावर बसले आहे, या दोन गोष्टींत अंतर आहे. आपणही लागणीचे क्षेत्र आणि गाळपाला आलेला ऊस वेगवेगळे मोजतो. त्या दोन आकड्यांमध्ये हुमणी असते, पाणी तुटणे असते, गुऱ्हाळ असते.

हा 'यू-डायस'चा फॉर्म मात्र सभासदांनी हलक्यात घेऊ नये. दरवर्षी मुख्याध्यापक तो भरतात. किती खोल्या, वीज आहे का, संगणक किती आणि त्यांतले चालू किती. जिल्ह्याचा आणि राज्याचा वार्षिक आराखडा याच माहितीवर तयार होतो आणि मंजुरीसाठी दिल्लीला जातो. आपल्या शाळेने बंद पडलेले आठ संगणक 'चालू' म्हणून लिहिले, तर वरच्या कार्यालयाच्या दृष्टीने त्या शाळेला काही कमी नाही. बंद असल्याचे लिहिले तर 'का बंद आहेत' म्हणून विचारणा होईल, ही भीती. ती भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे मोडक्या वस्तूंचे रीतसर निर्लेखन करून घेणे. काम किचकट आहे, सह्या पुष्कळ लागतात. पण शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावेत असा २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचा दंडक आहे, आणि शाळेचा विकास आराखडा करणे हे याच समितीचे काम आहे. या समित्यांवर आपले किती तरी सभासद आहेत. समितीने ठराव करून मुख्याध्यापकांच्या पाठीशी उभे राहिले तर एकट्या मास्तरांवर जबाबदारी येत नाही. सोसायटीच्या मीटिंगला जसे कर्जाच्या यादीवर बोट ठेवून विचारतो, तसे एकदा या फॉर्मवर बोट ठेवून विचारावे.

आता यातली एक अवघड गोष्ट. ज्या शाळेत ही मुले आहेत, त्या शाळेविषयी निर्णय घेणाऱ्या बहुतेकांची मुले तिथे नाहीत. सकाळी पिवळ्या गाड्या येतात आणि गावातली निम्मी मुले इंग्रजी माध्यमाला घेऊन जातात. मागे राहतात ती अर्ध्या-एक एकरवाल्यांची आणि रोजगाराला जाणाऱ्यांची. आमची स्वतःची मुलेही तालुक्याच्या गावी शिकतात, हे इथे सांगून टाकलेले बरे. त्यामुळे ग्रामसभेत शाळेला टीव्ही घ्यायला सगळे उत्साहाने हात वर करतात. तो आठ महिने बंद आहे हे कळायला मात्र पावसाची सर यावी लागते.

त्याहून मागे राहणारी मुले आपल्या अगदी जवळ आहेत. दर हंगामात तोडणीला कोयते येतात, त्यांच्याबरोबर ही मुले येतात. त्यांचे नाव त्यांच्या गावच्या शाळेच्या पटावर, आणि शाळेला मिळणारे प्रत्येक अनुदान त्या पटाशी नाहीतर त्या इमारतीशी बांधलेले. संगणक तिकडे भिंतीला, मूल इकडे खोपीत. गावी आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, साखरशाळांचेही प्रयत्न झाले. पण यंत्रसामग्रीचा पैसा मुलामागे फिरत नाही. या बाबतीत आम्हाला एकच गोष्ट आशेची वाटते. आपल्याच राज्यातील, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला. तो मोबाईलवर धरला की धडा ऐकता-पाहता येतो. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर शिक्षकांना वाटली, हे सभासदांनी वाचले असेलच. आज सरकारी पाठ्यपुस्तकांत असे कोड छापलेले असतात. पुस्तक मुलाबरोबर खोपीपर्यंत येते. अर्थात फोन बापाच्या खिशात आणि बाप फडात, ही अडचण उरतेच. गेल्या हंगामात एका टोळीत आम्ही पाहिले, रात्री गाडी भरून झाल्यावर एक मुलगी बापाचा फोन घेऊन पुस्तकावर धरीत होती. फोनची काच फुटलेली. चार्जिंग ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. या कामाला कोणाचे अनुदान नव्हते.

असो. आमच्या त्या शाळेकडे परत येऊ. चूक आमचीही होती म्हणून पुढच्या ग्रामसभेला आम्ही पुन्हा गेलो, या वेळी न बोलावता. थकबाकी भरावी आणि इथून पुढे शाळेचे वीजबिल ग्रामनिधीतून द्यावे, असा विषय मांडायला लावला. एका जुन्या सभासदांनी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, लगेच विरोध केला.

"शाळा सरकारची. मास्तर सरकारचा. मग बिल गावानं का भरायचं? आज बिल भरा म्हणतील, उद्या पगार द्या म्हणतील."

आबांचे म्हणणे तत्त्वाला धरून होते. सरकारी शाळेची वीज सरकारनेच भरली पाहिजे, यात आमचे दुमत नाही. वस्तूला लाखांनी पैसे द्यायचे आणि ती चालवायला महिन्याला साडेसातशे, हा हिशेब वरच बदलायला हवा आणि त्यासाठी लोकप्रतिनिधींकडे तगादा लावायला हवा. आम्ही आबांना एवढेच विचारले, "हे व्हायला किती वर्षे लागतील?" ते म्हणाले, "लागतील की चार-पाच." तेव्हा मागून एक बाई उभ्या राहिल्या. त्या आमच्या सभासद नाहीत, भांगलणीला जातात. म्हणाल्या, "माझी पोरगी आता तिसरीत हाय. तुमच्या चार-पाच वर्सांत ती सातवीला जाईल. तवर अंधारातच बसवू का?"

आबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "लिव्हा ठराव. पण त्यात हेबी लिव्हा, की सरकारकडं मागणी चालू ऱ्हाईल."

तसाच ठराव लिहिला. थकबाकी भरली, मीटर परत आले. टीव्ही पहिल्या दिवशी लागला नाही, मागची वायर उंदराने कुरतडलेली निघाली. गावच्या वायरमनने ती बदलून दिली, पैसे घेतले नाहीत, बाईंच्या डब्यातली भाकरी तेवढी खाल्ली. संगणकाचे काम अजून राहिले आहे; त्याची बॅटरी बदलायची आहे आणि त्यासाठी पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे यावर ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांचे एकमत व्हायचे आहे.

शाळेसाठी वस्तू घेताना तिच्या वीज-दुरुस्तीची तरतूद त्याच ठरावात करावी, अशा मजकुराचा नमुना ठराव आणि संयुक्त शाळा अनुदानाचे पटवार दर आम्ही सर्व गट कार्यालयांत ठेवले आहेत. सरपंच, ग्रामपंचायत सदस्य किंवा शाळा व्यवस्थापन समितीवर असलेल्या सभासदांनी ऊस नोंदीसाठी येताना ते घेऊन जावेत. ठिबकासाठी ॲसिड प्रक्रियेचे वेळापत्रकही त्याच टेबलावर आहे.

— ऊस विकास अधिकारी